महादेवरावांच्या विहिरीत

भूकंपानंतर नागसेन स्टीलच्या गिलासात पाणी घेऊन बसायचा. प्यायला नाही. जमीन खरंच हालते आहे की आपल्यालाच तसं वाटतंय, हे कळावं म्हणून. फरशीच्या एका सपाट तुकड्यावर तो गिलास ठेवायचा आणि पाण्याकडे बघत राहायचा. पाण्यावर बारीक गोल उठले की ओरडायचा, "आला, आला!" मग शाळेच्या मैदानात पडलेली सगळी माणसं भिंतीपासून, खांबापासून दूर पळायची. कधी पाणी अगदी स्थिर असे आणि तरी त्याला पायाखालून काहीतरी सरकल्यासारखं वाटे. तेव्हा तो ओरडत नसे, गिलास उचलून फरशीच्या दुसऱ्या तुकड्यावर ठेवून पाहे.

नागसेन कवठखेडीच्या ग्रामपंचायतीत पाणी सोडायच्या कामावर होता. गाव रोहण्याहून सात किलोमीटर, दोनशे घरांचं. सकाळी टाकी भरायची, मग पाळीपाळीनं एकेका आळीला पाणी सोडायचं, गळके नळ जोडायचे, महिन्यातून एकदा टाकी धुवायची. फेब्रुवारीतल्या त्या रविवारी तो टाकी धुवायलाच वर चढला होता. सव्वाआठ वाजले असतील. हातात ब्लिचिंगचा डबा, पाय शिडीच्या शेवटच्या पायरीवर. आधी आवाज आला. मालगाडी गावाच्या खालून जावी तसा. मग टाकी डावीकडे झुकली, थांबली आणि उजवीकडे गेली. डबा खाली गेला. नागसेननं दोन्ही हातांनी शिडीची सळई धरली.

वरून त्याला सारं गाव दिसत होतं. कवेलू छपरावरून ज्वारीच्या दाण्यांसारखे ओघळत होते. जुन्या मातीच्या भिंती एकामागून एक बसत होत्या आणि प्रत्येक भिंतीच्या जागी पिवळ्या धुळीचा ढग उभा राहत होता. शेजारची धुरपताबाई अंगण झाडत होती. ती झाडू टाकून सरळ उभी राहिली, आणि तिच्या मागची भिंत तिच्यावर आली. हे नागसेननं पाहिलं. नंतर कितीतरी वेळ तो तसाच सळईला चिकटून होता. खालून बायको भावना हाका मारत होती, पण त्याची बोटं सुटत नव्हती. शेवटी ती स्वतः सात-आठ पायऱ्या वर चढून आली, त्याच्या पायाला हात लावला आणि म्हणाली, "उतरा आता. थांबलं." तेव्हा कुठं तो खाली आला.

गावात तीन माणसं गेली. धुरपताबाई त्यातली एक. टाकीच्या एका खांबाला उभी चीर पडली, म्हणून टाकी रिकामी करून तिच्याभोवती काटे टाकले. नाल्याजवळच्या नळयोजनेच्या विहिरीचं पाणी दुसऱ्याच दिवशी तळाला गेलं, आणि जे राहिलं ते चिखलासारखं. नदीच्या पुलाचा एका बाजूचा भराव खचल्यामुळे टँकर अलीकडे येईना.

आणि धक्के थांबेनात. पहिल्या दिवशी अठरा मोजले, मग लोकांनी मोजणं सोडलं. काही नुसते भांडी वाजवणारे असत, काही माणसाला बसल्या जागी एका कुशीवर लोटणारे. घरात जायची कोणाचीच हिंमत नव्हती. बायका धावत आत जात, पिठाचा डबा उचलून धावत बाहेर येत. लहान लेकरं झोपेत दचकत. त्यातच कोणाच्या तरी मोबाइलवर आलं, की गुरुवारी दुपारी चार वाजता याहून मोठा येणार आहे. गुरुवारी साडेतीनपासून सारं गाव मैदानाच्या मधोमध एकमेकांना धरून बसलं. चार वाजले, पाच वाजले, काही झालं नाही. आणि सहा वाजता, लोक चुली पेटवायला उठले असताना, असा झटका आला की शाळेची उरलेली भिंतही पडली.

पिण्याचं पाणी राहिलं होतं ते फक्त महादेवरावांच्या विहिरीत. महादेवराव गावातले किराणा दुकानदार आणि कास्तकार. त्यांच्या शेतातली विहीर जुनी, पंचेचाळीस फूट खोल. वरचं पंचवीस फूट दगडी बांधकाम, खाली काळा पाषाण. बांधकाम संपतं तिथं पाषाणाचा एक रुंद टप्पा होता आणि त्या टप्प्यावर मोटर बसवलेली होती. भूकंपानंतर पाणी आठ फूट खाली गेलं. मोटरचा पाइप पाण्याच्या वर लोंबकळत राहिला. चौथ्या दिवशी वीज आली, पण मोटर नुसती हवा ओढायची.

मग बायका दोर-बादलीनं पाणी काढू लागल्या. विहिरीचा कठडा दोन ठिकाणी ढासळलेला. काठावर दहा-दहा बायका उभ्या, आणि मधेच धक्का आला की बादल्या टाकून पळापळ. शुक्रवारी अशाच एका धक्क्यात कठड्याचा तुकडा खाली गेला आणि आनंदाबाई त्याच्यासोबत कमरेपर्यंत आत गेली. दोघींनी लुगडं धरून तिला ओढलं म्हणून ती वाचली. तिचा हात खांद्यातून उतरला.

त्याच दिवशी दुपारी महादेवराव मैदानात आले आणि नागसेनच्या खाटेवर बसले. त्यांच्या डोक्याला पट्टी होती.

"नागसेन, मोटर सुरू झाली तं साऱ्या गावाचं भागते पाहा. बायाईले काठावर जायचं कामच नाई. शेतातल्या हौदात पानी पाडू, तिथून भरतीन. फक्त दहा फुटाचा पाइप जोडाचा आहे."

"तुमचा गडी कुठं गेला, भाऊ?"

"तो गेला बायको-लेकरं घेऊन काटोलकडे. त्याच्याबिगर हे काम तुलेच जमते."

नागसेननं गिलासाकडे पाहिलं. पाणी स्थिर होतं.

"माही पाठ धरली, भाऊ. टाकीवरून उतरतानी लचक भरली. वाकताच येत नाई."

महादेवराव "बरं" म्हणून उठून गेले. जवळच भावना लेकीची, पौर्णिमाची वेणी घालत होती. तिचे हात वेणीतच थांबले. पलीकडे खाटेवर नागसेनचे वडील बाबाराव पडून होते. त्यांनी डोळे मिटून घेतले.

शनिवारी सकाळी भावना घागर घेऊन विहिरीवर गेली. नागसेन तिच्या मागोमाग निघाला, पण विहिरीपासून साठ-सत्तर पावलांवर एका बोरीच्या झाडाजवळ थांबला. तिथून पुढे त्याचे पाय जाईनात. भावना काठावर उभी राहून दोर सोडत होती. तेवढ्यात तो आवाज आला, जमिनीच्या आतला, आणि बोरीच्या फांद्या हालल्या. बायका मागे सरल्या. भावनाच्या हातातला दोर बादलीच्या ओझ्यानं ताणलेला होता, तिनं तो लगेच सोडला नाही, आणि तिच्या पायाजवळची माती भुरभुर आत पडली. मग तिनं दोर सोडून दिला आणि मागे उडी घेतली. सारं दोन-तीन श्वासांचं काम.

ती रिकामी घागर घेऊन परत आली तेव्हा तो बोरीजवळच होता.

"तू तिथं जाऊ नोको," तो म्हणाला.

"मंग पानी कोन आनते? पोट्टीले काय पाजू?"

"मी आनतो."

"तुमी? तुमी तं इथंच उभे राह्यले." तिचा आवाज चढला नव्हता. "मी तुमाले उतरा म्हनत नाई. कधीच नाई म्हननार. पन पाठ दुखते म्हनून सांगू नोका. रोज राती तुमी त्याच पाठीवर पोट्टीले घेऊन मैदानात फिरता."

नागसेन खाली बोरीच्या वाळक्या पानांकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "मले भेव लागते, भावना. टाकीवरचं जात नाई डोक्यातून. डोये मिटले का टाकी हालते. धुरपताबाई दिसते. विहिरीचं नाव काढलं तरी हातातली ताकद जाते."

"हे सांगितलं असतं तं बरं झालं असतं," भावना म्हणाली. "मले बी लागते भेव. साऱ्याईले लागते."

परत आल्यावर बाबारावांनी त्याला जवळ बोलावलं. बाबाराव त्र्याहत्तर वर्षांचे. एक गुडघा गेलेला, काठीशिवाय चालता येत नव्हतं. त्यांनी दोघांचं बोलणं ऐकलं नव्हतं, पण मुलाचा चेहरा पाहून त्यांना कळलं असावं.

"ते विहीर आमी खंदली," ते म्हणाले.

"मालूम आहे, बाबा."

"बहात्तरच्या दुष्कायात. मी वीस-एकवीस वर्साचा होतो. नऊ जन होतो आपल्या आळीतले. पानी लागलं त्या दिवशी महादेवच्या बापानं नारळ फोडला. अन दुसऱ्या दिवसापासून आमाले पानी पाहिजे असलं तं वरून ओंजळीत ओतून देत. हे तुले मालूम आहे. पन दुसरं एक सांगतो, ते मालूम नाई." त्यांनी काठीनं मातीत एक रेघ ओढली. "हा टप्पा समज. याच्यावर मोटर आहे ना? त्याच्या मांगं, पूर्वेच्या अंगाले, एक कपार आहे. दगड भरलेल्या पाट्या दोरानं वर जात, तं एखादा दगड निसटून खाली यायचा. म्हनून आमी पहारीनं ते कपार मोठी केली. दोन मानसं बसतीन एवढी. पाट्या वर गेल्या का आमी आत शिरत होतो. वरचं बांधकाम पडलं तं पडलं, कपारीले काई होत नाई. ते अख्खा पाषान आहे."

नागसेन त्या रेघेकडे पाहत बसला.

"मी उतरलो असतो," बाबाराव म्हणाले, "पन हा गुडघा हरामखोर आहे."

"तुमी कायले उतरता."

"मी तुले बी जाय म्हनत नाई. जात असशीन तं कपार कुठं आहे तेवढं ध्यानात ठेवजो."

रात्रभर नागसेनच्या डोळ्याला डोळा लागला नाही. पहाटे त्यानं भावनाला उठवून सांगितलं, "जातो मी." तिनं उठून चूल पेटवली आणि त्याला चहा करून दिला. घोटभर पाण्याचाच, दूध नव्हतंच.

रविवारी, भूकंपाला बरोबर आठ दिवस झाले तेव्हा, सकाळी साडेसातला एक मोठा झटका येऊन गेला. लोक म्हणाले, आता दोन-तीन तास येत नाही. तसं कोणालाच ठाऊक नव्हतं, पण सगळ्यांनी ते धरून ठेवलं. नऊ वाजता विहिरीवर माणसं जमली. सोल, म्हणजे मोटेचा जाड दोर, आणला होता. त्याचं एक टोक काठापासून दूर असलेल्या लिंबाच्या खोडाला बांधलं. काठावर भार नको म्हणून ट्रॅक्टर जवळ आणला नव्हता. दोर हातानंच सोडायचा होता. दोर धरायला महादेवराव, त्यांचा मुलगा निकेश, गावातला बंडूजी सुतार, आणखी दोघं, आणि सगळ्यांत मागे भावना. पौर्णिमाला मैदानात आळीतल्या शोभाबाईजवळ ठेवलं होतं. बाबाराव बैलगाडीतून आले आणि काठापासून हातभर अंतरावर जमिनीवर बसले. कोणी सांगूनही ते तिथून उठले नाहीत.

विजेचा खटका बंद करून घेतला. नागसेननं कमरेला आणि मांड्यांखालून सोल बांधला. दहा फुटी पाइप, पाना, दोन क्लिपा आणि पाण्याचा एक डबा वेगळ्या दोरीनं आधी खाली सोडला. मग तो काठावर बसला आणि आत पाय सोडले.

विहिरीतल्या लोखंडी पायऱ्यांपैकी अर्ध्या निघून पडल्या होत्या. त्यांच्या जागी भोकं. दगडांमधला चुना निघालेला, काही दगड अर्धे बाहेर आलेले, हात लावला तर हालत. नागसेन दगडाला न टेकता, अधांतरी लटकत खाली जात होता. वर पाहिलं तर निळ्या आकाशाचा गोल तुकडा आणि त्याच्या कडेला बाबारावांचं पांढरं डोकं. खाली पाहिलं तर काळं पाणी. त्यानं डोळे समोरच्या दगडांवर ठेवले. एक पारवा फडफड करत त्याच्या कानाजवळून वर उडाला, तेव्हा त्याच्या तोंडून किंकाळी निघाली.

"काय झालं?" वरून पाच आवाज एकदम आले.

"काई नाई. पारवा."

टप्प्यावर पाय टेकले. तो आधी बसला. मग सरपटत पूर्वेकडे गेला आणि हातानं चाचपलं. कपार होती. तोंडाशी वटवाघळांची घाण आणि गवताचा जुना खोपा, आत कोरडा, थंड पाषाण. पहारीचे खोल घाव बोटांना लागले. त्याला थोडा धीर आला. त्यानं कमरेचा सोल सैल केला, टप्प्यावर सहज हिंडता यावं म्हणून, आणि कामाला लागला.

पाइप वर ओढून घेतला. टोकाचा फुटवॉल, पाणी परत खाली जाऊ न देणारी झडप, काढला. नवा तुकडा जोडला. एक क्लिप कसली. हाताला घाम सुटल्यामुळे पाना घसरत होता. दुसरी क्लिप अर्धी कसली होती तेव्हा त्याला खालच्या पाण्याकडून आवाज ऐकू आला. गटगट, गटगट, हंडा उकळावा तसा. जमीन हालायच्या आधीच त्याला कळलं.

"कपारीत शीर!" वरून बाबाराव ओरडले. "नागसेन, कपारीत!"

तो गेला नाही, फेकला गेला म्हणावं लागेल. खांदा पाषाणावर आपटला, त्यानं पाय पोटाशी घेतले आणि त्याच क्षणी बाहेर अंधार झाला. दगड पडत होते. एक मोटरच्या लोखंडी झाकणावर पडला आणि तिथून उसळून पाण्यात गेला. एक कपारीच्या तोंडाशी आपटून फुटला आणि त्याची कपची त्याच्या घोट्यात घुसली. सारी विहीर दोन्ही हातांनी धरून कोणी हालवत असल्यासारखी वाटत होती. पाषाणसुद्धा थरथरत होता, त्याच्या दातांपर्यंत. किती वेळ, सांगता येणार नाही. नंतर मोबाइलवर आलं की पंधरा सेकंद.

मग सारं थांबलं. धूळ इतकी की समोरचा हात दिसेना. दगड पडायचे थांबले, पण बारीक माती अजून पाण्यावर पडत होती, झिरझिर. त्यानं सोल ओढून पाहिला. तो ढिला होता. ओढला तसा आणखी खाली येत गेला, वेटोळ्यावर वेटोळं.

"भावना!" त्यानं हाक मारली.

उत्तर आलं नाही.

"बाबा! महादेवभाऊ!"

वरून काहीच नाही. आकाशाचा गोल धुळीत पिवळा दिसत होता आणि त्याच्या कडेला एकही डोकं नव्हतं. वर काय झालं असेल? काठ खचून सगळे गेले असतील? झाड पडलं असेल? शाळेचं मैदान, पौर्णिमा? नागसेन कपारीच्या तोंडाशी येऊन बसला, दोन्ही हातांत तो ढिला दोर घेऊन, आणि मोठ्यानं रडू लागला. लहान असताना रडला असेल तसा. त्याचा आवाज विहिरीत फिरून त्याच्याकडेच परत येत होता.

मग बाबारावांचं डोकं दिसलं. चेहरा मातीनं भरलेला. त्यांचं तोंड हालत होतं, पण आवाज फुटत नव्हता. ओरडून ओरडून घसा बसला होता. त्यांनी हात हालवला. थोड्या वेळानं आणखी डोकी आली, एक, दोन, चार, आणि त्यात भावनाचं.

"आहा का?" ती ओरडली. "आहा का तुमी?"

"आहो!"

"ओढतो आमी, बांधून घ्या!"

नागसेननं सोल कमरेला आवळला. मग त्याची नजर पाइपवर गेली. एक क्लिप कसलेली, दुसरी अर्धी. पाइप वाचला होता. असाच वर गेलो तर परत उतरावं लागेल, हे त्याच्या मनात आलं, आणि परत इथं यायचं नव्हतं. शौर्य वगैरे काही नाही. परत यायचं नव्हतं म्हणून त्यानं पाना उचलला. "थांबा!" म्हणून वर ओरडला, क्लिप कसली, फुटवॉल बसवला, पाइप पाण्यात सोडला, आतली हवा निघावी म्हणून डब्यातलं पाणी मोटरच्या तोंडातून भरलं. घाईत अर्धं पाणी बाहेर सांडलं. मग म्हणाला, "ओढा आता. जलदी ओढा."

वर आल्यावर तो गवतावर पालथा पडला आणि मातीचा वास घेत राहिला. निकेशनं खटका टाकला. मोटर घुरघुरली. पाइपानं दोनदा हवा ओढली, तो खोकला, आणि हौदात तांबडं पाणी पडू लागलं. अर्ध्या तासानं ते निवळलं. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. हात गळ्यात बांधलेली आनंदाबाई पहिल्यांदा पुढे झाली, हौदाच्या कडेला बसली आणि एका हातानं तोंडावर पाणी मारत राहिली. मग बायका घागरी घेऊन आल्या.

महादेवराव नागसेनजवळ आले. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि दुसरीकडे पाहिलं. निकेश तर जवळ आलाच नाही.

घोट्याला फडकं बांधून नागसेन आणि भावना मैदानाकडे निघाले. बाबाराव गाडीतून पुढे गेले होते. बोरीपाशी भावना थांबली.

"मी पळाली," ती म्हणाली.

तो मागे वळला.

"झटका आला तं साऱ्याईनं दोर सोडला. मीबी सोडला. इथपर्यंत पळाली, या बोरीपर्यंत. इथं आल्यावर आठोलं का तुमी खाली आहा." तिनं पदर तोंडाला लावला. "तवा बी लगेच नाई आली मी. उभी राह्यली. पाय येत नव्हते. बाबा एकटेच काठावर होते, पालथे पडून ओरडत. त्याईचं ऐकू येत होतं मले, तरी बी."

नागसेनला विहिरीत एकट्यानं बसल्याचं आठवलं, हातातला तो ढिला दोर. एक क्षण त्याला राग आला, खरोखरचा. तो चालू लागला. दहा पावलं गेल्यावर त्याच्या लक्षात आलं की ती मागे येत नाही, तिथंच उभी आहे. तो वळून तिच्याजवळ आला.

"त्या दिवशी टाकीवरून," तो म्हणाला, "मले आपलं घर दिसत होतं. अख्खं. तू आत होती, पोट्टी आत होती. मी एकदाबी तिकडे पाह्यलं नाई. तुमी आहा का गेल्या, असं मनातच आलं नाई. नुसती सळई. हे मी तुले सांगितलं नाई."

भावना पुढे झाली. मग तिनं त्याचा हात आपल्या खांद्यावर घेतला, कारण त्याला घोट्यावर जोर देता येत नव्हता, आणि दोघं हळूहळू निघाले. वाटेत अजून एक धक्का आला, लहान. दोघं थांबले, तो जाईपर्यंत उभे राहिले, आणि पुन्हा चालू लागले.

बाबारावांचा आवाज चार दिवस आला नाही. पाचव्या दिवशी आला तो घोगरा, आणि तसाच राहिला.

पुलाचा भराव दुरुस्त झाल्यावर पहिली गाडी आली ती भूकंप मोजणाऱ्यांची. त्यांच्यातली एक मुलगी, पंचवीस-सव्वीसची, शाळेच्या मैदानात धक्के नोंदवणारा एक डबा पुरायला आली होती. लोक तिच्याभोवती गोळा झाले. सगळ्यांचा एकच प्रश्न, अजून मोठा येणार आहे का?

"सांगता येत नाही," ती म्हणाली. "धक्के हळूहळू कमी होतील. महिने लागतील. पण मोठा येणारच नाही, असं मी म्हणू शकत नाही."

लोकांना ते आवडलं नाही. बंडूजी तर चिडलाच, एवढं शिकून काय उपयोग म्हणाला. गर्दी पांगली. नागसेन मागे राहिला, तिला खड्डा खणायला मदत करत.

"मॅडम," त्यानं विचारलं, "तुमाले भेव लागते का?"

तिनं हातातली माती झटकली. "लागतं ना. आर्वीत लॉजवर खोली दिली आहे आम्हाला. मी काल गाडीतच झोपले."

नागसेन मैदानाच्या दुसऱ्या टोकाला गेला. भावना खाटेवर बसून ओल्या हरभऱ्याचे घाटे सोलत होती. पौर्णिमा तिच्या मांडीला टेकून झोपली होती. मुलगी काय म्हणाली ते त्यानं सांगितलं, गाडीत झोपल्याचंसुद्धा.

"खरं बोलली," भावना म्हणाली, आणि टोपलं त्याच्याकडे सरकवलं.

तो बाजूला बसला आणि घाटे सोलू लागला.